यंत्राच्या पोटांतील यंत्र

आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गचा पाणीमहाल बहुतेक वाचकांनीं पाहिला असेल. बोरी नदीवर बंधारा, आणि बंधाऱ्याच्या पोटांतच महाल! बंधारा भक्कम, म्हणून महाल उभा. लिनक्स चालविणाऱ्या संगणकाच्या पोटांतहि असाच दुसरा संपूर्ण संगणक चालवितां येतो. त्यास आभासी यंत्र म्हणतात. त्यांत विद्यार्थ्यानें कितीहि मोडतोड केली, तरी घरचा मूळ संगणक शाबूत राहतो. परंतु हा पाहुणा पोसण्यास यजमान कसा असावा, हा प्रश्न पालकांच्या कष्टाच्या पैशाचा आहे. म्हणून त्याचा येथें विचार करूं.

प्रथम प्रोसेसर. इंटेलनें २००५ सालीं व एएमडीनें २००६ सालीं आपल्या प्रोसेसरांत आभासी यंत्रांसाठीं खास सोय घातली. तिचा उपयोग करणारें ‘केव्हीएम’ २००७ सालीं लिनक्सच्या गाभ्यांत दाखल झालें. ही सोय नसेल, तर पाहुण्याची कामें फार मंद चालतात. लिनक्समध्यें ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली असतां ‘व्हीटी-एक्स’ किंवा ‘एएमडी-व्ही’ अशीं अक्षरें उमटलीं, म्हणजे सोय आहे असें समजावें.

आम्हीं एक जुना संगणक विकत आणला, तेव्हां तीं अक्षरें उमटलींच नाहींत. फसलों असें वाटून आम्ही तो परत करण्यास निघालों. विक्रेत्यास दोन कठोर शब्दहि बोलून झाले. मागाहून कळलें कीं, सोय होतीच. संगणक सुरू होतांना उघडणाऱ्या ‘बायॉस’मध्यें ती कोणीं तरी बंद ठेविली होती. विक्रेत्याची क्षमा मागावी लागली, हें सांगणें नकोच.

खरी ओढाताण होते ती रॅमची. पाहुण्यास दिलेली रॅम, तो चालू असेपर्यंत, यजमानास बहुतांशीं अंतरते. आठ जीबी असल्यास निम्मी त्यास देऊन दोघांचें चालतें. चारच असल्यास चित्रमय पडदा नसलेल्या लहानशा लिनक्सवर, एक जीबींत, समाधान मानावें. सोळा असल्यास दोन-तीन पाहुणे सुखानें नांदतात. बाजारांत प्रोसेसराचा डांगोरा मोठा. तथापि पैसा थोडा असेल, तर तो रॅमवरच खर्चावा, असें आमचें मत आहे. कित्येक नव्या लॅपटॉपांत रॅम पक्की जोडलेली असून पुढें वाढवितां येत नाहीं. हें घेण्यापूर्वींच विचारावें.

साठवणुकीस एसएसडी असावी, आणि दर पाहुण्यामागें वीस-पंचवीस जीबी जागा मोकळी ठेवावी. महागडें ग्राफिक्स कार्ड या अभ्यासास लागत नाहीं. तें मागणारा मुलगा बहुधा खेळासाठीं मागत असतो.