भेंडी पिवळी का पडते?

प्रश्न : गच्चीवरच्या कुंड्यांतल्या भेंडीची पाने पिवळी पडताहेत. खत कमी पडतेय का?

उत्तर : पान उजेडात धरून पाहा. शिरांचे जाळे पिवळे आणि मधला भाग हिरवा दिसला, तर तो हळद्या रोग. खताचा दोष नाही. उलट युरिया जास्त झाला तर किडीचे फावतेच. या रोगाचा विषाणू पांढरी माशी पसरवते. झाड हलवताच पानांखालून भुकटी उडाल्यासारखी दिसते, तीच ती. रोगट झाडाला औषध नाही. जीव कळवळला तरी उपटा. उरलेल्या झाडांवर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून, पानांच्या खालच्या बाजूने, संध्याकाळी फवारा. पिवळा चिकट सापळाही टांगा. उपटलेल्या झाडावरच्या भेंड्या खायला हरकत नाही, निबर लागतील एवढेच.