पूर्वसंमती आधी, खरेदी नंतर

भंडारा हा धानाचा व तलावांचा जिल्हा. येथील शेतकरी बांधवांना यंत्रांवरील अनुदानासाठी 'महाडीबीटी' या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. २०२५ पासून त्याकरिता शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला असून, सोडतीऐवजी 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' ही पद्धत आली आहे.

निवडीचा संदेश म्हणजेच मंजुरी, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो खरा नव्हे. दरपत्रकादी कागदपत्रांच्या छाननीनंतर पूर्वसंमती मिळते, आणि त्यानंतरच खरेदी करावयाची असते. रोवणी तोंडावर आली म्हणून आधीच यंत्र आणले, तर अनुदान हुकते. देयक सादर होऊन प्रत्यक्ष तपासणी झाली की रक्कम आधार-संलग्न खात्यात जमा होते. खाते तसे जोडलेले आहे किंवा नाही, हे अर्जापूर्वीच बँकेत पाहून घ्यावे.