एकशेआठची वाट

कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात जोयडा हा तालुका आहे. दाट अरण्य, विखुरलेल्या वाड्या आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे ओढे हे त्याचे रूप. हल्याळ-जोयडा परिसरात अनेक घरांतून कोकणी किंवा मराठी बोलली जाते. अशा एखाद्या वाडीवर आषाढातील रात्री कोणाला सर्पदंश झाला, तर घरची माणसे काय करतील? मोबाइलला जेथे संपर्क मिळतो त्या टेकाडावर कोणी तरी धावत जाईल आणि १०८ हा क्रमांक लावील. पुढचा प्रश्न असा, की त्या हाकेला धावून येणारी गाडी कोठे उभी असेल? याचे उत्तर त्या रात्री ठरत नाही. ते कित्येक महिने आधी बंगळुरूत, आराखडा आणि अंदाजपत्रक यांच्या कागदांवर ठरलेले असते.

कर्नाटकात १०८ क्रमांकाची ‘आरोग्य कवच’ ही सेवा १ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी राज्य शासनाने ईएमआरआय या संस्थेशी करार केला होता. हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी या संस्थेने हाच क्रमांक प्रथम चालवून दाखविला होता. ही सेवा उभी राहिली ती बंगळुरूतील केंद्राभोवती. हाक घेणारा ठिकाण विचारतो, जवळची मोकळी गाडी शोधतो आणि तिला निरोप देतो. गाडीत चालकाबरोबर प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला साहाय्यक असतो.

गाड्या किती हव्यात, हे ठरविण्याचा रूढ निकष लोकसंख्येचा आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या निकषानुसार साधारणपणे १ लाख लोकांमागे एक साधी रुग्णवाहिका आणि ५ लाखांमागे एक अधिक सुसज्ज रुग्णवाहिका धरली जाते. निकष सोपा आहे आणि वरवर न्याय्यही वाटतो. आता तो नकाशावर मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत बंगळुरू नगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९६ लाख होती आणि क्षेत्रफळ सुमारे २,२०० चौरस किलोमीटर. म्हणजे ९६ साध्या गाड्या; एका गाडीच्या वाट्याला सुमारे २३ चौरस किलोमीटर. उत्तर कन्नडची लोकसंख्या सुमारे १४ लाख, क्षेत्रफळ मात्र सुमारे १०,३०० चौरस किलोमीटर. तेथे गाड्या येतात चौदा, आणि प्रत्येकीच्या वाट्याला सातशेहून अधिक चौरस किलोमीटर! २७ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद असा हा प्रदेश झाला, तोही घाटवळणांचा. शहरातही वाहनांच्या गर्दीत गाडी अडकते. त्यासाठीच २०१५ मध्ये बंगळुरूत दुचाकी रुग्णवाहिका आणण्यात आल्या. पण गर्दीवर दुचाकीचा उपाय निघतो. अंतरावर तसा निघत नाही.

गाडी पोहोचली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. गंभीर रुग्णाला जोयड्याहून कारवार, हुबळी किंवा गोव्यातील बांबोळी येथे न्यावे लागते. जाऊन-येऊन कित्येक तास मोडतात. तेवढा वेळ तालुक्यात दुसरी गाडी नसेल, तर कागदावर सेवा असते, प्रत्यक्षात नसते. म्हणून माणसे मोजण्याबरोबरच मिनिटे मोजावी लागतात: हाक आल्यापासून गाडी दारात येईपर्यंतची, आणि ती पुन्हा आपल्या ठाण्यावर येईपर्यंतचीही.

येथून पैशाचा प्रश्न सुरू होतो. गाडी विकत घेणे हा त्यातला सोपा भाग. खासदारांच्या स्थानिक विकास निधीतूनही ती घेता येते. फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. त्या निधीतून दरमहाचा खर्च मात्र भागविता येत नाही. डिझेल, प्राणवायू, औषधे, टायर यांचा खर्च थांबत नाही. बारा तासांच्या पाळ्या धरल्या, तर आठवड्याला चौदा पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी देऊन एक माणूस सहाच पाळ्या करू शकतो. म्हणजे चालक आणि साहाय्यक मिळून एका गाडीला जवळजवळ पाच माणसे लागतात, आणि त्यांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

सुरुवातीच्या काळात केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून चालविण्याच्या खर्चाचा वाटा उतरत्या क्रमाने दिला: पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ४० आणि त्यानंतर २० टक्के. उरलेला भार राज्यांवर आला. ईएमआरआयमागे ‘सत्यम’ या संगणक कंपनीच्या संस्थापकांचा आधार होता. जानेवारी २००९ मध्ये त्या कंपनीचा हिशेबाचा घोटाळा उघडकीस आला, तेव्हा कर्नाटकातील सेवा जेमतेम दोन महिन्यांची होती. पुढे जीव्हीके समूहाने संस्थेची जबाबदारी घेतली. दात्याचा आधार गेला तरी गाड्या धावत राहिल्या, कारण चालविण्याच्या खर्चाचा मोठा भार सरकारी तिजोरी उचलत होती.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू केली, तेव्हा ९३७ गाड्यांची योजना होती आणि गाडीत डॉक्टर ठेवण्याचे ठरले. २०११ च्या लोकसंख्येशी ताडून पाहिल्यास सुमारे १ लाख २० हजार लोकांमागे एक गाडी. गडचिरोली आणि पुणे यांना एकाच तागडीत तोलावे काय, हा प्रश्न तेथेही होताच.

विरळ वस्तीतील गाडीला हाका कमी येतात. साहजिकच एका रुग्णामागचा खर्च तेथे अधिक दिसतो आणि हिशेब तपासणारा विचारतो, ‘ही गाडी दिवसभर उभी का?’ अग्निशामक दलाच्या बंबाविषयी असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. फेऱ्यांवर पैसे दिले, तर जोयड्याची गाडी तोट्याची ठरते. सज्ज राहण्याचे पैसे दिले, तर ती उभी असतानाही आपले काम करीत असते.

स्वाध्याय

१. लोकसंख्येचा निकष विरळ वस्तीच्या जिल्ह्यास का पुरत नाही, ते पाठातील आकड्यांच्या आधारे लिहा.
२. ‘गाडी विकत घेणे हा त्यातला सोपा भाग’ असे का म्हटले आहे?
३. तुमच्या गावापासून १०८ ची गाडी जेथे उभी असते ते ठिकाण किती अंतरावर आहे? तेथून पावसाळ्यात यायला किती वेळ लागतो, याची चौकशी करून दहा ओळी लिहा.