अंग आंबलं म्हणून वर्ग सोडू नका



निमित्त कुठलंही असो. रथसप्तमीचे सूर्यनमस्कार असोत, पालकांसाठी शाळेच्या मैदानावर सुरू झालेला सकाळचा वर्ग असो, नाहीतर सोसायटीच्या हॉलमधला झुंबा असो. पहिल्या दिवशी गर्दी होते. नवे बूट, नव्या बाटल्या, फोटो, सगळं होतं. दुसऱ्या दिवशी जरा गळती लागते आणि तिसऱ्या दिवशी मैदान ओस दिसतं. न आलेल्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "मॅडम, जिना उतरवत नाही हो! बसलं तर उठवत नाही. हे आपल्याला झेपणारं नाही."

खरं तर ही माणसं आळशी नसतात. आपल्याला इजा झाली, असं त्यांना वाटतं. हे दुखणं काय आहे, ते कधी येतं आणि कधी जातं, हे पहिल्या दिवशी त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आजचा पाठ या दुखण्यावर. मोठ्यांसाठी आहेच, पण वर्गात मुलांनाही शिकवावा असा आहे.

आपल्या भाषेतच निदान आहे

दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत पहा. अंग आंबणं, पोटरीत गोळा येणं, उसण भरणं, पाय मुरगळणं, चमक निघणं, ठणका लागणं. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे नाहीत.

- अंग आंबणं : सवय नसलेलं काम केल्यावर दुसऱ्या दिवशी स्नायू जड होतात, दाबलं तर दुखतात. बहुधा दोन्ही पाय, दोन्ही दंड सारखेच दुखतात.
- गोळा येणं : स्नायू अचानक आखडतो. जीव कासावीस होतो, पण थोड्या वेळात तो सुटतो.
- उसण भरणं : पाठ किंवा कंबर एकाएकी धरते, वाकता येत नाही.
- मुरगळणं : सांध्याला इजा होते. त्याच क्षणी कळ येते, पुढे सूजही येते.

व्यायामाच्या वर्गात नव्या माणसाला बहुतेक वेळा होतं ते यातलं पहिलं. म्हणून कुणी "सर, पाय दुखतोय" म्हणालं की लगेच विचारावं, "आंबलाय की मुरगळलाय? कालपासून की आत्ता अचानक?" एवढ्या प्रश्नातून पुष्कळ उलगडा होतो.

आंबतं, पण आम्लामुळे नाही

आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असतं की व्यायामानंतर स्नायूत लॅक्टिक आम्ल साठतं आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी अंग दुखतं. विज्ञानाच्या तासाला विनॉक्सिश्वसन शिकवताना आपणही कधीकधी हे उदाहरण देतो. "आंबणं" हा शब्द तर या समजुतीला अगदी फिट्ट बसतो. पण समजूत बरोबर नाही.

जोराच्या व्यायामात लॅक्टिक आम्ल तयार होतं हे खरं आहे. मात्र व्यायाम थांबवल्यावर साधारण तासाभरात त्याचं प्रमाण पूर्वपदावर येतं. मग दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याला कसा देणार? आणखी एक गोष्ट पहा. उतारावर धावताना सपाटीपेक्षा आम्ल कमी तयार होतं, तरी अंग जास्त दुखतं.

मग कारण काय? थिओडोर हॉफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1902 सालीच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचं वर्णन केलं आणि स्नायूच्या आत बारीक फाटाफूट होत असावी असा तर्क मांडला. पुढचं संशोधन त्याच दिशेने गेलं. सवयीपेक्षा जास्त ताण पडला की स्नायूतंतूंना अतिसूक्ष्म इजा होते. शरीर दुरुस्तीला लागतं, तिथे थोडी सूज येते आणि दुखऱ्या नसा जास्त संवेदनशील होतात. या दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून दुखणंही उशिरा येतं. इडलीचं पीठ रात्रभर ठेवल्यावर आंबतं ना, तसंच. आपला शब्द आम्लाच्या बाबतीत चुकला, पण वेळेच्या बाबतीत अगदी बरोबर निघाला!

गड उतरताना काय होतं?

मुलांना समजावायला सहलीचं उदाहरण उत्तम. सिंहगड चढताना दम लागतो, छाती धडधडते. पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीराचं वजन सावरत असतो. म्हणजे तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. अशा कामात स्नायूला सूक्ष्म इजा जास्त होते.

आता वर्गातले व्यायाम आठवा. बैठक मारताना खाली जाणं, जोर काढताना छाती जमिनीकडे नेणं, उडी मारून खाली येणं, सूर्यनमस्कारात हातांवर भार घेत अंग खाली आणणं. हे सगळे गड उतरण्याचेच प्रकार आहेत. म्हणून नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी पन्नास बैठका मारायला लावल्या तर तिसऱ्या दिवशी तो दिसणार नाही, हे उघड आहे.

दुखण्याचं वेळापत्रक

हे वेळापत्रक फळ्यावर लिहून ठेवावं असं आहे.

1. व्यायामानंतर लगेच : थकवा जाणवतो, पण विशेष दुखत नाही. "काहीच त्रास झाला नाही" असं वाटतं.
2. 12 ते 24 तास : अंग जड होऊ लागतं.
3. 24 ते 72 तास : दुखणं सगळ्यात जास्त. जिना उतरणं, खाली बसणं अवघड.
4. 5 ते 7 दिवस : आपोआप ओसरतं.

तिसऱ्या दिवशी मैदान ओस का पडतं ते आता लक्षात आलं असेल. दुखणं शिखरावर असतं, त्याच दिवशी माणूस निर्णय घेतो.

यातली दिलासा देणारी गोष्ट पुढे आहे. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला की दुखणं बरंच कमी होतं. एकदा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाला चांगला तोंड देतो. म्हणजे जो माणूस तिसऱ्या दिवशी वर्ग सोडतो, त्याने त्रासाचा भाग भोगलेला असतो आणि फायदा पदरात पडायच्या आत तो निघून जातो. दोन महिन्यांनी पुन्हा उत्साह येतो, पुन्हा पहिल्यापासून अंग आंबतं आणि "व्यायाम आपल्याला सोसत नाही" हा समज घट्ट होतो.

समूहाचा फायदा आणि समूहाचा धोका

एकत्र व्यायाम करणं आपल्याकडे नवं नाही. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. एरोबिक्स हा शब्द घरोघरी पोचला तो डॉ. केनेथ कूपर यांच्या 1968 सालच्या पुस्तकामुळे आणि झुंबा आला कोलंबियातून. वाद्य बदललं, कपडे बदलले, पण चार माणसांनी एका ठेक्यावर अंग हलवायचं ही गोष्ट तीच राहिली.

समूहात माणूस जास्त टिकतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकावल्हवणाऱ्या खेळाडूंवरचा एक छोटा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. तोच व्यायाम तेवढाच वेळ, एकदा एकट्याने आणि एकदा सर्वांनी मिळून केला. एकत्र केल्यावर त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा जास्त वाढलेली आढळली.

पण हीच गोष्ट दुधारी आहे. वेदना कमी जाणवते म्हणूनच माणूस आपल्या मर्यादेपलीकडे जातो. शेजारची काकू थांबत नाही, मग मी कशी थांबू? गाणं चालू आहे, ठेका चालू आहे, सर मोजतायत, "अजून दहा!" वर्ग घेणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. प्रत्येक व्यायाम तीन प्रकारे दाखवावा : खुर्चीच्या आधाराने, उभं राहून आणि उडी मारून. कोण काय निवडतो यावर शेरा मारू नये. "शेवटी कोण उरतं ते बघू" हा खेळ नव्या लोकांबरोबर तर मुळीच खेळू नये.

पहिल्या चार आठवड्यांची आखणी

वर्ग एक दिवसाआड ठेवला तर सोयीचं पडतं.

- पहिला आठवडा : एकूण 20 मिनिटं. पाच मिनिटं जागच्या जागी चालणं, मग हलके हातपाय. बैठका पाच-सहाच, त्याही अर्ध्या. उड्या नाहीत. सूर्यनमस्कार दोन-तीन. "एवढंच?" असं लोकांनी विचारलं तर समजायचं, बरोबर चाललंय.
- दुसरा आठवडा : व्यायाम तेच, फक्त एखादी फेरी जास्त. नवे प्रकार नकोत.
- तिसरा आठवडा : वेळ 30 मिनिटं. ठेका थोडा वाढवावा.
- चौथा आठवडा : ज्यांना जमतंय त्यांनी उड्या, पूर्ण बैठका सुरू कराव्यात. बाकीच्यांनी आपल्या गतीने.

वेग योग्य आहे की नाही, हे ओळखायची सोपी खूण अशी : व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. तो झाला मध्यम व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं असा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं. पण हा पल्ला गाठायचा आहे, पहिल्याच आठवड्यात उडी मारायची नाही.

अंग आंबलंच, तर काय करायचं?

- हलके हला. पूर्ण झोपून राहू नका. सावकाश चालणं, घरची साधी कामं यांनी आखडलेपण मोकळं होतं. वर्गाला या, पण हातपाय हलके चालवा.
- कोमट पाण्याने अंघोळ, हलक्या हाताने मालिश. यांनी बरं वाटतं. रगडून मालिश नको.
- झोप आणि जेवण. दुरुस्तीचं काम शरीर विश्रांतीत करतं. वरण, उसळ, अंडी, दूध, जे घरात आहे ते पुरे. महागड्या पावडरीची गरज नाही.
- ताणाचे व्यायाम लवचिकतेसाठी चांगले, पण ते केले म्हणून दुखणं टळतं असं नाही. अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर फरक नगण्य दिसला आहे.
- वेदनाशामक गोळी मनाने रोज घेऊ नका. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो.

आणि एक गैरसमज कायमचा काढून टाका. "दुखलं नाही म्हणजे व्यायाम झालाच नाही" हे चूक आहे. दुखणं म्हणजे गुणपत्रिका नव्हे. रोज अंग आंबत असेल तर ते आखणी चुकल्याचं लक्षण आहे.

हे मात्र अंगावर काढू नका

लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, स्नायू खूप सुजले, हातपाय उचलण्याची ताकद गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्नायू मोठ्या प्रमाणात तुटले तर त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, सांध्यात कळ, आठवड्यानंतरही न ओसरणारं दुखणं, हेही दाखवून घ्यावं. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखू लागलं तर "व्यायामाने असेल" म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा कोलेस्टेरॉलची औषधं चालू असलेल्यांनी वर्ग सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

याच कारणासाठी शिक्षकांना एक कळकळीची विनंती. मुलांना शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला बंदी आहेच. शिवाय सवय नसलेल्या मुलाला एका दमात शंभर उठाबशा म्हणजे वर सांगितलेला धोका समोरून बोलावणं आहे. आणि ज्या व्यायामाला शिक्षेचा वास लागला, तो मूल मोठेपणी आवडीने कसा करेल?

वर्गासाठी उपक्रम

इयत्ता सातवीपासून पुढे हा उपक्रम घेता येईल. सोमवारी मुलांनी झेपतील अशा दहा बैठका सावकाश माराव्यात. ज्यांना त्रास आहे त्यांनी नोंदी ठेवण्याचं काम घ्यावं. पुढचे पाच दिवस रोज एकाच वेळी जिना उतरून दुखण्याला 0 ते 10 गुण द्यायचे आणि आलेख काढायचा. पुढच्या सोमवारी तेच पुन्हा. दोन्ही आलेख शेजारी ठेवा आणि विचारा, "दुसरा आलेख बुटका आला का? का आला असेल?" गणित, विज्ञान आणि शारीरिक शिक्षण, तिन्ही विषय एका वहीत येतील. घरी आजीला विचारून दुखण्याचे आणखी मराठी शब्द गोळा करून आणायला सांगा, म्हणजे भाषेचाही तास होईल.

पालकहो, तुम्ही वर्ग चालवत असाल तर हजेरीची वही ठेवा आणि तिसऱ्या दिवसाकडे खास लक्ष द्या. जो आला नाही त्याला फोन करा. "का नाही आलात?" असं विचारू नका. "अंग आंबलंय ना? आज शिखर आहे, उद्यापासून उतरेल. या, आज नुसतं चालूया," एवढंच म्हणा.