कागदी कपातलं प्लास्टिक

प्रश्न : ऑफिसजवळच्या टपरीवर माझा रोज दोनदा चहा होतो. प्लास्टिक टाळायचं म्हणून कागदी कप घेतो. चालेल ना?

उत्तर : चहा झिरपू नये म्हणून या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. तो कागदापासून सहज सुटत नाही, म्हणून असा कप साध्या रद्दीत खपत नाही. १ जुलै २०२२पासून देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आहे. कागदी कप मात्र हातोहाती दिसतात. तुमचेच वर्षाच्या तीनशे दिवसांत सहाशे होतात! सरळ काचेच्या ग्लासात कटिंग मागा. ग्लासाच्या स्वच्छतेची शंका असेल, तर स्टीलचा पेला बॅगेत ठेवा. ग्लास धुवायला टपरीवाल्याला चांगलं पाणी लागतं. तेवढं तुमच्या ऑफिसातून त्याला जरूर मिळवून द्या.