शेतमालाचे व्यापारचिन्ह : निवड, नोंदणी आणि राखण

पिंपरी-चिंचवड, भोसरी, मोशी, निगडी या पट्ट्यात आणि पुढे चाकणपर्यंत मोठी लोकवस्ती झाली आहे. या वस्तीच्या भोवतालच्या मावळ, खेड व मुळशी तालुक्यांतील बरेच शेतकरी आता आपला तांदूळ, गूळ, तूप, कांदा थेट सोसायट्यांमध्ये विकतात. माल पिशवीत भरला की पिशवीवर नाव येते. ते गिऱ्हाइकाच्या तोंडी बसले की मालाला बाजारापेक्षा किलोमागे चार पैसे जास्त मिळू लागतात. अडचण सुरू होते ती त्यानंतर. पिकाला कुंपण घालणारा शेतकरी नावाला कुंपण घालत नाही, असे सर्रास आढळून येते.

मावळातील एक भात उत्पादक माझ्याकडे पिशवी घेऊन आले होते. ते 2012 पासून इंद्रायणी तांदूळ पाच किलोच्या पिशवीत एका विशिष्ट नावाने विकत होते. नाव त्यांनी स्वतः सुचविलेले होते. येथे ते मुद्दाम देत नाही. चिंचवडच्या एका दुकानात त्यांना त्याच नावाची, जवळजवळ त्याच रंगाची, पण दुसऱ्याच पॅकिंगवाल्याची पिशवी दिसली. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, "नाव आम्ही नोंदणीला टाकलंय, तुम्हीच बदला." बारा वर्षांची गिऱ्हाइकी एका वाक्यात दुसऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. या प्रकरणाकडे पुढे पुन्हा येऊ. आधी नाव म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काय, ते पाहू.

आकुर्डीचा धडा

नावाचे मोल समजण्यासाठी लांब जावयास नको. आकुर्डीच्या बजाज ऑटोने 1960 च्या दशकात इटलीच्या पियाजिओ कंपनीबरोबरच्या करारानुसार व्हेस्पा स्कूटर तयार केली. कारखाना, कामगार आणि गिऱ्हाईक सर्व इथलेच. तथापि 'व्हेस्पा' हे नाव पियाजिओचे होते. करार 1971 मध्ये संपला आणि नावाचा वापरही थांबला. स्कूटर बनविण्याचे कसब मात्र कोणी काढून घेऊ शकत नव्हते. 1972 मध्ये 'चेतक' हे नाव पुढे आले. त्यानंतर या नावाची स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत, हे आमच्या वडिलांच्या पिढीला चांगले आठवते. पेट्रोलच्या चेतकचे उत्पादन 2000 नंतरच्या दशकात बंद झाले. पुढे 2019 मध्ये कंपनीने विजेवर चालणारी स्कूटर दाखविली, तेव्हा तिला पुन्हा तेच नाव दिले. जानेवारी 2020 पासून विक्रीस आलेली ही गाडी प्रथम चाकणच्या कारखान्यात तयार होत होती. इंजिन गेले, गिअर गेले, तरी नाव कामास आले. 'व्हेस्पा' हे नावही 2012 मध्ये पुणे जिल्ह्यात परतले, पण ते मालकाबरोबर, म्हणजे पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यात.

जो शेतकरी गट दुसऱ्या कंपनीच्या पिशवीत माल भरून देतो, त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दहा वर्षे उत्तम माल दिला तरी गिऱ्हाईक पिशवीवरील नाव ओळखते, भरणाऱ्याला ओळखत नाही. असा व्यवहार वाईट असे म्हणता येणार नाही, कारण त्यात खात्रीची उचल असते. परंतु गटाने आपल्या मालाचा निदान काही हिस्सा स्वतःच्या नावाने विकत राहावे.

कोणते नाव टिकते ?

भारतात व्यापारचिन्ह कायदा 1999 हा 15 सप्टेंबर 2003 पासून लागू आहे. एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखता येईल असे शब्द, चित्र, अक्षरे, आकडे, वेष्टन किंवा रंगांची जुळणी, या सर्वांची या कायद्याखाली नोंदणी होऊ शकते. मालाचे नुसते वर्णन करणारा शब्द मात्र सर्वसाधारणपणे नाकारला जातो. 'शुद्ध तूप', 'गावरान', 'ताजा', 'सेंद्रिय गूळ' हे शब्द सर्वांचे आहेत. एकाला ते दिले तर बाकीच्यांनी आपल्या मालाला काय म्हणावे ?

हाच न्याय वाणांच्या नावाला लागतो. 'इंद्रायणी' हा भाताचा वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून 1987 मध्ये प्रसारित झाला. त्या वाणाचा तांदूळ विकणाऱ्या प्रत्येकाला पिशवीवर 'इंद्रायणी' लिहावेच लागते. तेव्हा ते आपले खास चिन्ह होईल अशी आशा धरू नये. गावाच्या नावाचेही तसेच आहे. 'चाकणचा कांदा' ही ओळख अनेक पिढ्यांच्या कांदा उत्पादकांनी आणि चाकणच्या बाजाराने मिळून तयार केली आहे. ती एका आडत्याच्या किंवा एका शेतकऱ्याच्या मालकीची कशी होईल ? गावाच्या नावासाठी वेगळा कायदा आहे, त्याकडे पुढे येऊ.

मग नाव घ्यावे कोणते ? 'चेतक' हेच पाहा. ते राणा प्रताप यांच्या घोड्याचे नाव. स्कूटरशी त्याचा शब्दार्थाने काही संबंध नाही, म्हणूनच ते स्कूटरसाठी पक्के नाव ठरते. मालाचे वर्णन न करणारा, पण उच्चारायला सोपा असा शब्द निवडावा किंवा नवाच घडवावा. आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी सात-आठ गटांना 'कृषी', 'किसान', 'बळीराजा' यांपैकी एखादा शब्द हवाच असतो. त्यामागची भावना समजते. परंतु हे शब्द इतक्या जणांनी वापरले आहेत, की त्यांवर खर्च करणे म्हणजे पडीक बांधावर खत टाकण्यासारखे आहे.

नाव पक्के असले तरी ते सैल वापरल्याने हातचे जाऊ शकते. 'स्ट्रेप्टोसायक्लीन' हा शब्द महाराष्ट्रातील प्रत्येक डाळिंब बागायतदाराला ठाऊक आहे. हे औषधाचे नाव नव्हे, ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याचे व्यापारी नाव आहे. आतील औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसीन सल्फेट 90 टक्के आणि टेट्रासायक्लीन हायड्रोक्लोराईड 10 टक्के. दुकानात मात्र कोणत्याही कंपनीची पुडी याच नावाने मागितली जाते. यात आम्हा विस्तार कार्यकर्त्यांचाही दोष आहे, कारण अनेक पत्रकांत आम्हीच व्यापारी नाव छापत आलो. (औषधाचा उल्लेख येथे शिफारस म्हणून केलेला नाही. शेतीतील त्याचा वापर थांबविण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये मसुदा आदेश काढला होता.)

नोंदणी कशी करावी ?

महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाकडे जातात. अर्ज ऑनलाइन करता येतो. 2017 च्या नियमांनुसार व्यक्ती, नवउद्योग व लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गास रु. 4,500 आणि इतरांना रु. 9,000 शुल्क आहे. कागदी अर्जास ते अनुक्रमे रु. 5,000 व रु. 10,000 पडते. शेतकरी उत्पादक कंपनीने कमी शुल्क भरताना लघुउद्योग असल्याचा दाखला जोडावा. वकिलाची फी वेगळी.

वर्ग म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे, कारण चुका येथेच होतात. सर्व माल व सेवा 45 वर्गांत विभागल्या आहेत आणि नोंदणी ज्या वर्गात केली त्या मालापुरती होते. ताजा कांदा, बटाटा, फळे, बियाणे व रोपे वर्ग 31 मध्ये येतात. तोच कांदा वाळवून विकला तर वर्ग 29. दूध, तूप, पनीरही 29 मध्येच. तांदूळ, पीठ, गूळ, मध, मसाले वर्ग 30 मध्ये, तर फळांचा रस वर्ग 32 मध्ये. तांदळाबरोबर तूपही त्याच नावाने विकावयाचे असेल तर दोन वर्गांचे शुल्क भरावे लागते. आज जो माल विकता आणि दोन-तीन वर्षांत नक्की विकणार आहात, तेवढेच वर्ग घ्यावेत. नोंदलेले चिन्ह सलग पाच वर्षे वापरले नाही, तर बाधित व्यक्ती ते काढून टाकण्याची मागणी करू शकते.

अर्जापूर्वी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. शोध मोफत आहे. नुसते स्पेलिंग पाहून थांबू नये, उच्चारात सारखी वाटणारी नावेही पाहावीत. नाव पूर्वीपासून वापरात असल्यास कधीपासून ते अर्जात लिहून प्रतिज्ञापत्र व पुरावे जोडावेत. परीक्षण अहवालात हरकत आली तर अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यावयाचे असते. ही मुदत कित्येकांची चुकते, कारण अर्जात दिलेला ई-मेल गावातील सेवा केंद्रवाल्याचा असतो ! हरकत दूर झाली की चिन्ह कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होते. प्रसिद्धीपासून चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. विरोध न आल्यास नोंदणी होते. ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे टिकते व दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून पुढे चालू ठेवता येते.

अर्ज कोणाच्या नावावर करावा, हा प्रश्न गटांत फार नाजूक असतो. घाईत अध्यक्षांच्या नावाने अर्ज होतो. पुढे अध्यक्ष बदलतात किंवा भांडण होते आणि दोनशे सभासदांच्या मालाचे नाव एका घरात राहते. गट अगर कंपनी नोंदलेली असेल तर अर्ज तिच्याच नावाने करावा आणि तसा ठराव इतिवृत्तात घ्यावा.

अन्न परवाना, उद्यम नोंदणी, दुकानाची नोंदणी किंवा कंपनीची नोंदणी यांपैकी कशानेही मालाचे नाव व्यापारचिन्ह म्हणून राखले जात नाही. त्या प्रत्येकाचे काम वेगळे आहे. नोंदणी मिळण्यापूर्वी नावाशेजारी 'टीएम' लिहिता येते. वर्तुळातील 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच छापावा, आधी छापण्यास कायद्याने मनाई आहे. छापखानेवाले शोभा म्हणून ते चिन्ह टाकून देतात, त्यांना तसे करू देऊ नये.

आधीचा वापर आणि त्याचा पुरावा

आता मावळच्या शेतकऱ्यांकडे वळू. नोंदणी नसली म्हणजे सर्व संपले असे नाही. जो नाव आधीपासून आणि सतत वापरत आला आहे, त्याचा वापर नंतर येऊन नोंदणी करणाऱ्याला बंद पाडता येत नाही. तसेच आपला माल दुसऱ्याचा आहे असे भासवून विकणाऱ्याविरुद्ध बिगर-नोंदणीच्या चिन्हाचा मालकही दावा लावू शकतो. अडचण एकच : आधीचा वापर शाबीत करावा लागतो.

पुण्यातील बर्गर किंगचा खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. या नावाचे एक उपाहारगृह पुण्यात 1992 पासून चालत होते. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने 2011 मध्ये दावा लावला. कंपनीचे भारतातील पहिले दुकान 2014 मध्ये उघडले. जुलै 2024 मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने आधीच्या वापराकडे पाहून कंपनीचा दावा फेटाळला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तेथे डिसेंबर 2024 मध्ये अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या उपाहारगृहाला ते नाव वापरण्यास मनाई झाली आणि दोन्ही पक्षांना मागील दहा वर्षांचे हिशेब व कराची कागदपत्रे जपून ठेवण्यास सांगण्यात आले. तेरा वर्षांनंतरही प्रश्न पुन्हा कागदांवर आला.

मावळच्या शेतकऱ्यांकडे कागद फारच थोडे होते. सोसायटीतील विक्री रोखीची, पावती नाही. आम्ही संकेतस्थळावर पाहिले तेव्हा पॅकिंगवाल्याचा अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध होऊन अडीच महिने झाले होते. म्हणजे विरोधाला दीड महिना उरला होता. घरात शोधाशोध सुरू झाली. त्यांच्या पत्नीने धान्याच्या कोठीमागून जुनी फाईल काढली. तीत पहिल्या हजार पिशव्यांचे तारीखवार छपाईचे बिल होते, पिशवीवरील नाव बिलात लिहिलेले. एका कृषी प्रदर्शनातील स्टॉलची पावती आणि पिशवीसह काढलेला एक फोटो निघाला. पॅकिंगवाल्याने आपल्या अर्जात वापराची जी तारीख लिहिली होती, तिच्यापेक्षा हे बिल सहा वर्षे जुने होते. मुदत संपण्यास नऊ दिवस असताना विरोध दाखल झाला. ऑनलाइन विरोधाचे शुल्क प्रत्येक वर्गास रु. 2,700 आहे. वकिलाची फी व फेऱ्या धरून त्यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. प्रकरण अद्याप पुराव्याच्या टप्प्यावर आहे. दरम्यान त्यांनी स्वतःचाही अर्ज केला आहे.

तेव्हा छपाईची बिले, पिशवीचा प्रत्येक वर्षीचा एक नमुना, विक्रीच्या पावत्या, जाहिरातीची पत्रके व प्रदर्शनाच्या पावत्या वर्षवार एका फाईलमध्ये लावाव्यात. रोखीच्या विक्रीलाही साधे पावतीपुस्तक ठेवावे आणि त्यावर नाव छापून घ्यावे. रिकाम्या छापील पिशव्यांचा हिशेब ठेवावा, कारण भंगारात गेलेली चांगली पिशवी दुसऱ्याचा माल भरून परत बाजारात येते. दुसऱ्याच्या चिन्हाच्या पिशवीत आपला माल भरणे हा गुन्हा असून त्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि रु. 50 हजार ते 2 लाख दंड अशी शिक्षा कायद्यात आहे. नोंदणी असेल तर उल्लंघनाचा दावा मालकाला आपण जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात लावता येतो. दूरच्या शहरातील नकल करणाऱ्यामागे धावावे लागत नाही, ही लहान उत्पादकाच्या दृष्टीने नोंदणीची मोठी सोय आहे.

गावाचे नाव आणि बियाण्याची पिशवी

गावाच्या किंवा भागाच्या नावासाठी भौगोलिक निर्देशन कायदा 1999 आहे. यात नाव त्या भागातील सर्व उत्पादकांचे राहते व अर्ज उत्पादकांच्या संस्थेने करावयाचा असतो. पुरंदरचे अंजीर व लासलगावचा कांदा यांना 2016 मध्ये अशी नोंदणी मिळाली. नोंदणी कार्यालय चेन्नईस आहे. संस्थेला नोंदणी मिळाली तरी प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव स्वतंत्र नोंदवावे लागते, हे बऱ्याच ठिकाणी राहून गेले आहे.

बियाण्याबाबत एक सावधगिरी. वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 नुसार शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे घरी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व विकण्याचा हक्क आहे. मात्र त्या संरक्षित वाणाचे नाव छापलेल्या वेष्टनात, लेबल लावून ते विकता येत नाही. कांद्याचे किंवा सोयाबीनचे घरचे बियाणे विकणाऱ्यांनी तांदळाच्या पिशवीची कल्पना बियाण्याला लावण्यापूर्वी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावे.