राजकीय नेते आणि वृत्तछायाचित्रकार

आमच्या घरी भिंतीवर पंडित नेहरूंचे छायाचित्र आहे. त्याखाली ते टिपणाऱ्याचे नाव नाही. १९४२ साली नेहरू आपल्या नगरच्या किल्ल्यात बंदिवान झाले. त्याच वर्षी होमाई व्यारावाला छायाचित्रकार म्हणून मुंबईहून दिल्लीस गेल्या. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार त्या हाच मान मिळवून गेल्या. परंतु त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली होती. जून १९४७ मधील फाळणीच्या योजनेवरील काँग्रेसचे मतदान, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंच्या नाना मुद्रा त्यांनी टिपल्या. नेत्याच्या जवळ जावे, पण मर्यादा सोडू नये, असा त्यांचा दंडक होता. नव्या छायाचित्रकारांची बेशिस्त रुचेना, म्हणून १९७० मध्ये त्यांनी हे काम सोडले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आता छायाचित्र पाहताना आधी मी त्याखालचे नाव शोधतो.